मी त्या गाडीत होतो

अपघात झाल्यावर माणसानं पहिल्यांदा काय करावं, यावर आमच्या इमारतीत एकूण चौदा मतं आहेत. ती सगळी मला अपघातानंतर कळली, एवढीच काय ती अडचण.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास मी घरातला मिक्सर दुरुस्तीला घेऊन निघालो. आमचा मिक्सर चालू केला, की लगेच फिरत नसे. आधी मिनिटभर घूं घूं करत विचार करायचा आणि मग बहुतेक वेळा नकार द्यायचा. बायकोच्या मते हा माझ्या सहवासाचा परिणाम. दुरुस्तीवाला शहराच्या दुसऱ्या टोकाला, मिक्सर दगडासारखा जड, आणि माझ्या फोनवर टॅक्सीचं अ‍ॅप नाही. म्हणून मी लेकीला फोन लावला. ती ऑफिसात होती. तिनं तिच्या फोनवरून गाडी मागवली, मला गाडीचा नंबर सांगितला आणि बजावलं, "बाबा, मागे बसा आणि पट्टा लावा."

मी पुढे बसलो. मागे बसलं की मला उगाच साहेब झाल्यासारखं वाटतं आणि पाठोपाठ मळमळतं. पट्टा मात्र लावला. त्याचं श्रेय मला इथेच देऊन टाकावं, कारण पुढच्या हकिकतीत श्रेय देण्याजोगी जागा फारशी नाही.

ड्रायव्हर पंचेचाळिशीचा, शांत माणूस. गाडी त्याची स्वतःची, आणि आतून आमच्या दिवाणखान्यापेक्षा स्वच्छ. पंधराएक मिनिटं आम्ही छान गेलो. मग एका कुलपांच्या दुकानासमोर, गल्लीच्या तोंडाशी, गाद्यांनी शिगोशीग भरलेला एक टेम्पो आडवा आला. आमच्या ड्रायव्हरनं सभ्यपणे त्याच्या मागे गाडी थांबवली आणि टेम्पो सरकायची वाट बघू लागला. टेम्पो सरकला. पण मागे. मागचं दिसायला त्याला गाद्यांनी जागाच ठेवली नव्हती. आमच्या ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला, पण टेम्पोवाल्यानं काचा बंद करून आत गाणी लावलेली. मग धाडकन आवाज झाला, बॉनेटचा तंबू झाला, समोरच्या काचेवर कोळ्याचं जाळं उमटलं आणि कुठूनतरी फुस्सकन वाफ निघाली.

त्यानंतरच्या दोन-तीन मिनिटांच्या दोन हकिकती आहेत. घरी मी जी सांगितली, ती आधी देतो.

मी पट्टा सोडला, खाली उतरलो, पलीकडून जाऊन भेदरलेल्या ड्रायव्हरला हाताला धरून बाहेर काढलं, मग रस्त्याच्या मधोमध उभं राहून, एक हात वर करून, दोन्ही बाजूंची वाहतूक थांबवली. बायकोनं ही हकिकत ऐकली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जो भाव आला, तो मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहत होतो. मग समोरच्या वहिनी आल्या. त्यांच्यासाठी पुन्हा सांगताना वाहतुकीत एक बस आली. तळमजल्यावरचे विमावाले आले तेव्हा ती शाळेची बस झाली होती. माणूस खोटं बोलत नाही हो. ऐकणारे एवढ्या आशेनं बघतात, की रिकाम्या हातानं पाठवणं बरं दिसत नाही.

विमावाले म्हणजे आमच्याच इमारतीतले, विम्याची एजंटगिरी करून निवृत्त झालेले गृहस्थ. दुसऱ्याची आपत्ती त्यांना भाच्याच्या लग्नासारखी वाटते. येतात, बसतात आणि सगळी सूत्रं हातात घेतात.

"फोटो काढलेत?" त्यांनी विचारलं.

काढले होते. चांगले अकरा. आम्ही मिळून फोन बघितला. माझ्याकडून कॅमेऱ्याची बाजू उलटी राहिली होती. अकराच्या अकरा फोटोंत माझ्याच नाकपुड्या होत्या, आणि एकात थोडं आकाश.

"टेम्पोवाल्याशी काही बोललात?"

"सवयीनं 'माफ करा' म्हणालो."

विमावाल्यांनी डोळे मिटले. "अपघात झाल्यावर माणसानं आईचं नाव घ्यावं, देवाचं घ्यावं, पण माफी मागू नये! बरं, पोलिसांपुढे जबाब दिलात?"

जबाब दिलाच नव्हता. कारण ड्रायव्हरच म्हणाला होता, "काका, तुमचा चेहरा पांढराफटक पडलाय. तुम्ही घरी जा, इथलं मी निस्तरतो." त्यानंच दुसरी गाडी थांबवली, मिक्सर आत ठेवला आणि मला बसवून दिलं. पोलीस यायच्या आत मी निघालोसुद्धा.

"म्हणजे घटनास्थळ सोडलंत," विमावाले म्हणाले. हे त्यांनी अशा सुरात म्हटलं, की मला आपण देश सोडल्यासारखं वाटलं. "असो. आता एकच करा. मानेला पट्टा बांधा. अपघातात मान दुखावते. आज नाही तर उद्या दुखेल. पट्टा असला की लोक ऐकून घेतात."

संध्याकाळी लेक ऑफिसातून धावतपळत आली, मला सगळीकडून तपासलं आणि मग म्हणाली, "बाबा, दुपारी अ‍ॅपवरून मला विचारणा आली होती. 'आपल्या गाडीला अपघात झाल्याचं दिसतं. आपण गाडीत होता का?' मी 'नाही' दाबलं. खरंच नव्हते ना मी."

"बरोबर केलंस," मी म्हणालो. एकतीस वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीच्या कार्यालयात काढलेला माणूस दुसरं काय म्हणणार? विचारलं तेवढंच आणि खरं तेच लिहावं, हे मी हजारो लोकांना खिडकीतून ऐकवलेलं. लेकीनं ते उचललं, याचा अभिमानच वाटला. तो अभिमान गुरुवारी सकाळपर्यंत टिकला.

गुरुवारी दारात ड्रायव्हर उभा. हातात मिक्सरच्या भांड्याचं झाकण. "काका, हे सीटखाली राहिलं होतं. म्हटलं, तुमची अडचण होत असेल."

बायकोनं त्याला आग्रहानं बसवलं, चहा केला आणि कौतुकानं म्हणाली, "तुम्हाला फार लागलं नाही ना? यांनी सांगितलं, कसं तुम्हाला बाहेर काढलं ते. वाहतूक काय थांबवली, बस काय अडवली!"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरचा अभ्यास करू लागलो. ड्रायव्हरनं एकदा माझ्याकडे पाहिलं. कपातला चहा हलवला.

"हो ना काकू," तो म्हणाला. "काकांनी फार धीर दिला."

हे ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं. उलट मी कॅलेंडरचं पान उलटून पुढच्या महिन्याचा अभ्यास सुरू केला.

जाता जाता, अगदी चपला घालताना, तो म्हणाला, "काका, एक विचारू? ताईंनी कंपनीला गाडीत कुणी नव्हतं असं कळवलंय का?"

मग सगळं कळलं. लेकीचं 'नाही' कंपनीच्या यंत्रानं वाचलं आणि ठरवलं, की गाडीत प्रवासी नव्हताच. ड्रायव्हर खोटी फेरी दाखवून रिकामी गाडी फिरवत होता. त्याचं नाव अ‍ॅपवरून काढून टाकलं. सहा वर्षांत त्याच्याविरुद्ध एक तक्रार नव्हती. शिवाय टेम्पोवाल्यानं पोलिसांत सांगितलं, की मी उभाच होतो आणि या टॅक्सीवाल्यानं मागून येऊन ठोकलं. आता टेम्पो मागे येऊन आपटला काय, किंवा टॅक्सी पुढे जाऊन आपटली काय, पत्रा चेपतो तो सारखाच. खरं काय ते सांगू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो कागदोपत्री गाडीत नव्हता.

"तुम्ही आल्या आल्या का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"झाकण द्यायला आलो होतो," तो म्हणाला. "ताईंचं पण काही चुकलं नाही. त्या खरंच नव्हत्या."

मी लगेच कपडे केले आणि त्याला बरोबर घेतलं. निघताना विमावाल्यांनी जिन्यात गाठलं आणि स्वतःच्या हातानं माझ्या मानेला पट्टा चढवला. "पोलीस चौकीत असंच जायचं. वजन पडतं."

वजन पडलं, पण नको तिथं. हवालदार टेबलामागे बसून एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहीत होते. मी माझी ओळख दिली आणि म्हणालो, "मी त्या गाडीत होतो."

त्यांनी नोंदवही पाहिली. मग मला पाहिलं. "प्रवासी स्त्री आहे. वय एकोणतीस."

"ती माझी लेक. गाडी तिनं मागवली. बसलो मी."

"पुरावा?"

मी जाम गांगरलो. एकतीस वर्षं मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसून, समोर धडधडीत जिवंत उभ्या असलेल्या माणसाला "जन्मलात याचा पुरावा?" असं विचारत आलो होतो. त्या सगळ्यांची अत्यंत उशिरानं मनातल्या मनात माफी मागितली. या माफीला विमावाल्यांची हरकत नसावी.

हवालदारांची नजर आता पट्ट्यावर गेली. "मानेला काय झालंय?"

"अपघातातलं आहे ते," मी वजनदारपणे म्हणालो.

"अस्सं. म्हणजे प्रवासी जखमी." त्यांनी नवीन पान काढलं. "मग प्रकरण वाढलं. निष्काळजीपणे गाडी चालवून प्रवाशाला दुखापत." आणि ते शेजारी उभ्या असलेल्या आमच्या ड्रायव्हरकडे वळले. "तुमचं नाव सांगा पुन्हा."

ड्रायव्हरचा चेहरा उतरला. मी ताडकन उठलो आणि पट्ट्याचा चिकटपट्टीवाला भाग खर्रकन ओढला. "साहेब, मला काहीही झालेलं नाही! हे बघा!" मी मान डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली, वर केली, खाली केली. जबाब द्यायला आलेल्या एका बाई मुलाला जवळ घेऊन बाजूला सरकल्या.

"मग पट्टा कशाला?"

"शेजाऱ्यांनी बांधला."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "काका, शेजाऱ्यांचं ऐकू नका. तिथं कुणी कॅमेरा लावलाय का ते बघा. चित्र आणा, मी दोन मिनिटांत लिहून देतो."

बाहेर आल्यावर माझी मान खरोखरच धरली. हे मी आजपर्यंत विमावाल्यांना सांगितलेलं नाही.

कॅमेरा होता. कुलपांच्या दुकानाला. कुलपं विकणाऱ्याचा कुलपांवर फारसा विश्वास नसावा. लेकीनं शुक्रवारी सुटी काढली, कारण तिचा खुलासाही लागणार होता. आणि बायको म्हणाली, "मीही येते. मला बघायचंय, तुम्ही बस कशी अडवलीत ते."

मी तिला घरी राहण्याची सहा कारणं दिली. सहाव्या कारणाच्या आधीच ती चप्पल घालून जिन्यात उभी होती. वाटेत मी दोनदा गाडी थांबवून खरं सांगून टाकावं असं ठरवलं. दोनदाही सिग्नल सुटला.

दुकानदार मोठा रसिक माणूस. त्यानं आम्हा चौघांना, म्हणजे बायको, लेक, ड्रायव्हर आणि मी, सगळ्यांना स्टुलं दिली आणि पडदा आमच्याकडे वळवला. मंगळवार, दहा वाजून चौतीस मिनिटं. आमची टॅक्सी येऊन थांबली. तीन सेकंद हललीसुद्धा नाही. मग टेम्पो सरळ मागे आला आणि आदळला. इतकं स्वच्छ, की लहान मूलही सांगेल चूक कुणाची. ड्रायव्हरनं इतका मोठा श्वास सोडला, की दुकानातल्या टांगलेल्या किल्ल्या हलल्याचा मला भास झाला.

"झालं की!" मी उठत म्हणालो. "एवढं पुरे. द्या एवढं काढून."

"थांबा," दुकानदार म्हणाला. "पुढे मजा आहे."

पडद्यावर टॅक्सीचं पुढचं दार उघडलं. आधी मिक्सर बाहेर आला. मिक्सरला धरलेले दोन हात आले. मग त्या हातांच्या मागे मी आलो, चारही पायांवर. मिक्सर पुढे ढकलायचा, मग त्याच्यामागे रांगायचं, असं करत मी फूटपाथपर्यंत पोहोचलो. तिथे मिक्सरला मिठी मारून बसलो. टेम्पोवाला उतरून आला तेव्हा मी बसल्या बसल्या त्याला हात जोडले. तेवढ्यात ड्रायव्हर धावत आला, माझ्यापुढे उकिडवा बसला, मला पाणी पाजलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिला. त्याची गाडी मागे वाफा सोडत होती. त्यानं तिकडे एकदाही वळून पाहिलं नाही.

लेक खालचा ओठ दाताखाली धरून जमिनीकडे बघत होती आणि तिचे खांदे हलत होते. बायको पडद्याकडेच बघत होती.

"बस कुठाय?" ती शेवटी म्हणाली.

"कॅमेऱ्यात आली नसेल, काकू," ड्रायव्हर घाईघाईनं म्हणाला.

"नाही," मी म्हणालो. "बस नव्हतीच. मी यांना बाहेर काढलं नाही. यांनीच मला सावरलं. मी फक्त मिक्सर वाचवला."

बोलून टाकल्यावर मला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. म्हणजे वाटलं, पण चार दिवस गळ्याशी आवळलेली कॉलर सुटावी तसंही वाटलं.

दुकानदाराला मी हळूच विचारलं, टेम्पो आदळतो तिथपर्यंतच चित्र देता येईल का. तो देणारही होता. पण हवालदारांना फोन केला तर ते म्हणाले, "काका, तुम्ही गाडीतून उतरताना दिसलं पाहिजे. तेच तर पाहिजे." म्हणजे मी त्या गाडीत होतो याचा जगात एकच पुरावा होता, आणि त्यात मी रांगत होतो.

"पूर्ण द्या," मी म्हणालो.

चौकीत हवालदारांनी ते दोनदा पाहिलं, मग पलीकडच्या टेबलावरच्या दोघांना बोलावलं. तिसऱ्या वेळी ते त्यांना समजावून सांगत होते, "हा बघा, आता मिक्सर येईल." पण शब्दाला जागले. दोन मिनिटांत लिहून दिलं: टेम्पो मागे आला, टॅक्सी उभी होती, प्रवासी पुरुष, वय त्रेसष्ट, दुखापत नाही. टेम्पोवाल्याला तिथूनच फोन लावला. तो आधी चढ्या आवाजात बोलत होता. कुलपांच्या दुकानाचं नाव निघालं तसा खाली आला.

मग कंपनीचं ऑफिस. काचेची खोली, गार हवा, टोकन. समोरची मुलगी फार गोड आवाजात म्हणाली, "काका, आमच्या नोंदीप्रमाणे प्रवासी बाई आहेत आणि त्या गाडीत नव्हत्या."

लेक पुढे झाली. "ती बाई मी. माझे वडील होते. तुमच्या प्रश्नाला 'नाही, पण माझे बाबा आहेत' असं बटणच नव्हतं."

मुलीनं संगणकात शोधलं. खरंच नव्हतं. तिनं वरिष्ठांना बोलावलं. वरिष्ठांनी चित्र पाहिलं. त्यांनीही एकट्यानं पाहिलं नाही. एकूण हिशेब करता त्या शुक्रवारी मला रांगताना एकोणीस जणांनी पाहिलं. शेवटी वरिष्ठ ड्रायव्हरला म्हणाले, "चोवीस तासांत कळवतो." आणि माझ्याकडे वळून, अगदी मनापासून, "काका, मिक्सर ठीक आहे ना?"

ड्रायव्हरला आम्ही बसथांब्यापर्यंत सोडलं. मी त्याला म्हणालो, "काल घरी तुम्ही माझी लाज राखलीत. स्वतःवर एवढं संकट असताना."

तो संकोचला. "तुम्ही घाबरला होतात, काका. माणूस घाबरतो. माझे पण पाय नंतर घरी गेल्यावर लटपटले."

शनिवारी सकाळी मी फोनसमोर बसून होतो. वर्तमानपत्राचं एकच पान तीन वेळा वाचलं आणि तिन्ही वेळा त्यात काय होतं ते कळलं नाही. अकरा वाजून गेले. बायको आपली कामं करत होती, पण आज ती कामं नेमकी फोनच्याच खोलीत निघत होती.

फोन वाजला. मी उचलायच्या आत तिनं उचलला आणि माझ्या हातात दिला.

"काका, झालं! नाव चालू झालं!" ड्रायव्हरच्या मागे दोन-चार जण एकदम बोलत होते, कुणीतरी हसत होतं. "गाडी सोमवारी गॅरेजातून मिळेल. टेम्पोवाल्यानं लिहून दिलंय. काका, आमची ही म्हणतेय, तुम्हाला नमस्कार सांगा."

मी काहीतरी बोललो. फोन ठेवला आणि खुर्चीत बसलो. बसलो कसला, सांडलो. मंगळवारपासून छातीवर कुणीतरी त्या टेम्पोतली एक गादी टाकून ठेवली होती, ती उचलली गेली.

बायको समोर येऊन बसली. बस, शाळा, वाहतूक, सगळ्याचं उट्टं आता निघणार, अशी मी तयारी ठेवली. माफी मागायची नाही, हा विमावाल्यांचा सल्ला मी मनातल्या मनात रद्दही केला.

"लेकीनं ते चित्र माझ्या फोनवर पाठवलंय," ती म्हणाली. "मी काल पाच वेळा बघितलं."

"हस तू," मी म्हणालो. "हक्क आहे तुझा."

"दोन वेळा हसले. पोट धरून हसले." ती पदराशी चाळा करत थांबली. "मग मी तुमच्याकडे बघायचं सोडून टेम्पोकडे बघितलं. थांबवून थांबवून बघितलं. तुम्ही पुढे बसला होतात. त्याचं मागचं फळकूट काचेला लागून थांबलंय. अजून हातभर आत आलं असतं, तर..."

मंगळवारपासून मी एवढ्या लोकांना एवढं काय काय सांगितलं, पण हे हातभर अंतर माझ्या कुठल्याच हकिकतीत आलं नव्हतं.

"रांगत का होईना," ती म्हणाली, "बाहेर आलात ना."

मी "हो" म्हणालो. त्यात भर घालावी असं काही सुचलंच नाही. मग ती उठली, चहा टाकला, दाराची कडी लावून घेतली, आणि आम्ही दोघांनी तो चहा खिडकीशी बसून, खालून येणारे-जाणारे बघत, अगदी सावकाश प्यायला.